प्रयोगामागची माणसे : ‘कॅबरे व्होल्टेअर’ आणि वाङ्मयेतिहासातील संयोजकाचे स्थान

१

वाङ्मयीन चळवळींचा इतिहास लिहिताना आपण प्रामुख्याने मुद्रित साधनांवर विसंबतो. कवितासंग्रह, नाट्यसंहिता, नियतकालिकांचे अंक, जाहीरनामे आणि पुढे लिहिल्या गेलेल्या आठवणी यांच्या आधारे चळवळीचे चित्र उभे केले जाते. जी चळवळ मुख्यतः ग्रंथांतून वावरली, तिच्यापुरती ही पद्धत पुरेशी ठरते. परंतु जी कविता आधी म्हटली गेली आणि नंतर छापली गेली, किंवा जे नाट्य प्रयोगाच्या रात्रीपुरतेच अस्तित्वात होते, त्यांच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. जागा मिळवणारी, निमंत्रणे देणारी, रोज रात्री रंगमंचावर उभी राहणारी आणि प्रेक्षकाला धरून ठेवणारी माणसे या इतिहासातून गळतात. ज्यांनी स्वाक्षरीनिशी मजकूर मागे ठेवला, तेवढेच उरतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे १९१६ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात सुमारे पाच महिने चाललेला ‘कॅबरे व्होल्टेअर’ हा काव्य, नाट्य, संगीत आणि नृत्य यांचा संमिश्र उपक्रम. ‘दादावाद’ या संज्ञेखाली पदव्युत्तर अभ्यासक्रमांत त्याचा उल्लेख येतो. पण बहुधा अतिवास्तववादाची पूर्वपीठिका म्हणून, दोन-चार वाक्यांत. युद्धाचा निषेध, अर्थाचा निषेध आणि त्रिस्तान त्झाराचे जाहीरनामे एवढ्यावर विद्यार्थ्याची समजूत थांबते. ही माहिती चुकीची नाही. परंतु तिच्यात घटनाक्रम उलटा झालेला आहे. जाहीरनामे आधी आणि प्रयोग नंतर, असे तेथे घडले नव्हते. आधी एक खोली होती, एक पियानो होता, एक गायिका होती आणि वृत्तपत्रांतून दिलेले एक खुले निमंत्रण होते. सिद्धान्त त्यानंतर आला.

२

ह्यूगो बाल (१८८६-१९२७) हा मूळचा रंगभूमीचा माणूस. बर्लिनमध्ये माक्स राइनहार्ट यांच्या नाट्यशाळेत त्याने शिक्षण घेतले आणि महायुद्धापूर्वी म्युनिक येथील ‘कामरश्पीले’ या नाट्यगृहात त्याने नाट्यसल्लागार म्हणून काम केले. चित्रकार कांडिन्स्की याच्या विचारांचा त्याच्यावर खोल प्रभाव होता. रंग, ध्वनी, गती आणि शब्द यांना समान स्थान देणारी एक नवी रंगभूमी उभी करण्याची योजना तो आखत होता. १९१४च्या युद्धाने ती योजना मोडली. आरंभी त्याने स्वतः सैन्यात भरती होण्याचा प्रयत्न केला. प्रकृतीच्या कारणाने त्याला नाकारण्यात आले. त्यानंतर बेल्जियमची सीमा त्याने स्वतः जाऊन पाहिली आणि युद्धाविषयीचे त्याचे मत पालटले. मे १९१५मध्ये तो एमी हेनिंग्स हिच्यासह झुरिकला आला.

एमी हेनिंग्स (१८८५-१९४८) ही त्या वेळी बालपेक्षा अधिक परिचित कलावती होती. फिरत्या नाटकमंडळ्यांतून तिने उमेदीची वर्षे काढली होती. म्युनिकमधील ‘सिम्प्लिसिसिमुस’ या कलावंतांच्या मद्यगृहात ती गात असे आणि तेथेच बालशी तिची ओळख झाली. १९१३मध्ये तिचा छोटा कवितासंग्रह प्रसिद्ध झालेला होता. झुरिकला आल्यावर हे दोघे अत्यंत हलाखीत होते. उपजीविकेसाठी त्यांनी एका करमणूकप्रधान मंडळीत काम धरले. बाल पियानो वाजवी आणि हेनिंग्स गात असे. दादावादाच्या इतिहासात हा काळ केवळ दारिद्र्याचा तपशील म्हणून येतो. वस्तुतः पुढील उपक्रमाचे व्यावहारिक शिक्षण येथेच झाले. एकामागून एक छोटे कार्यक्रम कसे गुंफावेत, गोंगाट करणाऱ्या प्रेक्षकासमोर आवाज कसा टिकवावा, कवितेला गाण्याच्या शेजारी कोठे बसवावे, हे ज्ञान ग्रंथांतून मिळणारे नव्हते.

येथे ‘कॅबरे’ या शब्दाविषयी खुलासा आवश्यक आहे. मराठी वाचकाच्या मनात हा शब्द हिंदी चित्रपटातील नृत्याशी जोडला गेला आहे. जर्मन भाषिक प्रदेशात मात्र १९०१पासून बर्लिन आणि म्युनिक येथे साहित्यिक कॅबरेची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली होती. नाटककार फ्रांक वेडेकिंड स्वतः वाद्य हाती घेऊन आपली गीते तेथे गात असे. छोटा रंगमंच, टेबलांभोवती बसलेले प्रेक्षक, गीत, काव्यवाचन, विडंबन आणि प्रहसन यांची मिसळ, हे त्या परंपरेचे स्वरूप होय. बाल आणि हेनिंग्स यांनी नवा प्रकार शोधून काढला नाही. हाताशी असलेल्या प्रकाराची मर्यादा त्यांनी ताणली.

३

झुरिकच्या जुन्या वस्तीत, श्पीगेलगासे या गल्लीतील क्रमांक १च्या इमारतीत यान एफ्राइम या डच गृहस्थाचे मद्यगृह होते. त्याच्या मागील भागात एक लहानसे दालन होते. पंधरा-वीस टेबले मावतील एवढी जागा, एका बाजूस छोटा रंगमंच आणि पियानो. ‘आपले दालन मला द्या, मला येथे कॅबरे सुरू करायचा आहे,’ अशा अर्थाची विनंती आपण एफ्राइमला केली व त्याने ती मान्य केली, असे बालने उपक्रमाच्या संकलनग्रंथाच्या प्रास्ताविकात नमूद केले आहे. काही परिचितांकडून त्याने भिंतींवर लावण्यासाठी चित्रे मागितली आणि वृत्तपत्रांकडे निवेदन दिले. त्या निवेदनात झुरिकमधील तरुण कलावंतांना, ते कोणत्याही मताचे वा पंथाचे असोत, सूचना आणि साहित्य घेऊन येण्याचे आवाहन होते.

‘कोणत्याही मताचे वा पंथाचे’ ही अट, किंवा अटीचा हा अभाव, निर्णायक ठरला. ५ फेब्रुवारी १९१६ रोजी उद्घाटनाच्या संध्याकाळी बाल अद्याप भिंतींवर भित्तिपत्रे ठोकीत असतानाच चौघेजण चित्रांच्या वळकट्या घेऊन दारात उभे राहिले. त्यांत रुमानियाहून आलेला चित्रकार मार्सेल यांको, त्याचा भाऊ जॉर्ज आणि एकोणीस वर्षांचा कवी त्रिस्तान त्झारा हे होते. त्याच रात्री यांकोची चित्रे भिंतीवर लागली आणि त्झाराने कोटाच्या खिशांतून कवितांचे कागद काढून वाचले. हान्स आर्प हाही आरंभापासून तेथे होता. त्या रात्री फ्रेंच आणि डॅनिश गीते झाली आणि एका बालालायका-वृंदाने रशियन लोकसंगीत सादर केले. त्याच महिन्यात बर्लिनहून रिचर्ड ह्यूल्सेनबेक येऊन मिळाला; तो मोठ्या ढोलाच्या ठेक्यावर कविता म्हणण्याच्या विचाराने झपाटलेला होता.

पुढे ‘दादा’ गट म्हणून ओळखली गेलेली मंडळी एखाद्या समान तत्त्वविचाराने एकत्र आलेली नव्हती, हे यावरून दिसते. युद्धामुळे देश सोडावा लागलेली, भिन्न भाषा बोलणारी ही माणसे एका निमंत्रणामुळे एका दालनात आली. निमंत्रणाच्या या मोकळेपणाचा परिणाम काव्यप्रकारावर कसा झाला, हे पुढील विभागांत पाहता येईल.

एफ्राइमच्या भूमिकेविषयी एक गोष्ट उल्लेखनीय आहे. तो पूर्वी खलाशी होता. ह्यूल्सेनबेक आपल्या मनाने रचलेली ‘आफ्रिकी’ गीते म्हणत असे आणि प्रत्येकाच्या शेवटी एक अर्थहीन ध्रुपद जोडीत असे. ही गीते अस्सल नाहीत, असे एफ्राइमने त्याला ऐकवले आणि आपल्या प्रवासात कानी पडलेले शब्द कागदावर उतरवून दिले, अशी हकीकत ह्यूल्सेनबेकनेच सांगितली आहे. त्या शब्दांच्या अस्सलतेविषयी शंका घेण्यास जागा आहेच. शिवाय युरोपीय प्रयोगकारांची आफ्रिकेविषयीची कल्पना किती उसनी व वरवरची होती, हेही या हकिकतीतून उघड होते. तथापि, जागेचा मालक हा येथे केवळ भाडे घेणारा नव्हता. तो पहिल्या टीकाकारांपैकी एक होता, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

४

या उपक्रमाच्या रोजच्या अस्तित्वाचा भार सर्वांत अधिक कोणी उचलला, असे विचारल्यास एमी हेनिंग्सचे नाव घ्यावे लागते. आरंभीच्या गटात रंगमंचावरील गायनाचा दीर्घ व्यावसायिक अनुभव असलेली ती प्रमुख कलावती होती. मे १९१६मध्ये झुरिकच्या एका वृत्तपत्राने उपक्रमाची दखल घेताना तिलाच या मंडळीतील तारका म्हटले. प्रेक्षक पुष्कळदा तिच्यासाठी येत आणि मग त्यांना त्झाराची कविता ऐकावी लागे.

तिच्या गायनाचे स्वरूप समजून घेण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. बालने युद्धावर ‘टोटेनटान्झ १९१६’ म्हणजे ‘मृत्युनृत्य १९१६’ हे गीत लिहिले. ते त्याने एका सर्वपरिचित लष्करी कूचगीताच्या चालीवर बांधले. सैनिकांच्या मरणाविषयीचे शब्द आणि सैनिकांना चालवणारी चाल यांतील विरोध कागदावर वाचताना अर्धाच जाणवतो. ती चाल प्रेक्षकांच्या कानांत आधीपासून असते, पाय नकळत ठेका धरतात आणि त्याच वेळी शब्द उलट दिशेने ओढतात. हा परिणाम गायिकेवर अवलंबून होता. हेनिंग्सचा आवाज लहान, चिरका आणि सुघड गायनाच्या संकेतांना न जुमानणारा होता, असे समकालीनांचे वर्णन आहे. संहिता बालची असली तरी तिच्या आशयाचा एक भाग या आवाजाने निर्माण केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

असे असूनही दादावादाच्या प्रारंभीच्या इतिहासांत हेनिंग्स बहुधा ‘बालची सहचरी’ म्हणून येते. याची कारणे साधी आहेत. तिने जाहीरनामा लिहिला नाही. वादात भाग घेतला नाही. ‘दादा’ शब्द कोणी शोधला, या पुढील भांडणात तिला रस नव्हता. १९१९ आणि १९२० साली तिच्या दोन आत्मपर कादंबऱ्या आल्या. परंतु त्यांचा विषय तुरुंग आणि रस्त्यावरील स्त्रीचे जीवन हा होता, चळवळ नव्हे. बालच्या निधनानंतर तिने त्याच्याविषयी लिहिले आणि त्या लेखनातही स्वतःला मागे ठेवले. अलीकडच्या काही दशकांत, विशेषतः स्त्रीवादी अभ्यासकांच्या प्रयत्नांमुळे, तिच्या कार्याचे पुनर्मूल्यांकन होत आहे.

५

मार्च १९१६च्या अखेरीस ह्यूल्सेनबेक, यांको आणि त्झारा यांनी एक ‘युगपत् कविता’ सादर केली. तिघे एकाच वेळी तीन भाषांत म्हणतात : एक जर्मन, एक इंग्रजी, एक फ्रेंच. मध्येच शीळ, ढोल, खुळखुळा यांचे आवाज येतात. तत्पूर्वी फ्रान्समधील बार्झुन आणि दिव्वार यांनी अशा रचना केल्या होत्या व त्याही त्याच सुमारास तेथे म्हटल्या गेल्या. म्हणजे कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. परंतु तीन भाषांची योजना ही त्या दालनातील वस्तुस्थितीतून आलेली दिसते. तेथे जमणाऱ्या माणसांची एक भाषा नव्हतीच. खुल्या निमंत्रणातून निर्माण झालेली बहुभाषिकता येथे रचनेचे तत्त्व बनली. मानवी आवाज हा एकेका जीवाचे प्रतीक, आणि त्याला गिळू पाहणारा गोंगाट हे यांत्रिक जगाचे प्रतीक, असा या कवितेचा अर्थ बालने आपल्या रोजनिशीत लावला आहे. हे विवेचन प्रयोगानंतरचे आहे, हे ध्यानात घ्यावे.

यांकोच्या मुखवट्यांची गोष्टही अशीच आहे. पुठ्ठा, रंग आणि खळ यांपासून बनवलेले मुखवटे त्याने मे महिन्यात आणले. ते प्राचीन ग्रीक अथवा जपानी रंगभूमीची आठवण करून देणारे आणि तरीही पूर्णतः आधुनिक होते, असे बाल नोंदवतो. मुखवटा चढवताच प्रत्येकाला एक विशिष्ट हालचाल सुचू लागली आणि त्यातून तीन छोटी नृत्ये बसवली गेली. येथे संहितेवरून नेपथ्य झाले नाही, तर वस्तूवरून कृती आणि कृतीवरून रचना निर्माण झाली. नाट्यलेखन म्हणजे आधी शब्द, ही आपली गृहीत धारणा येथे तपासून पाहावी लागते.

२३ जून १९१६ रोजी बालने आपली नादकाव्ये म्हटली. ज्ञात भाषेतील शब्द टाळून केवळ अक्षरनादांवर उभी केलेली ही रचना दादावादाची प्रातिनिधिक कृती म्हणून मान्यता पावली आहे. तिचा छापील पाठ वर्गात दाखवला की विद्यार्थी हसतात, आणि ते स्वाभाविक आहे. पाठाबरोबर प्रयोगाचा तपशीलही सांगावयास हवा. पायांभोवती चकाकत्या निळ्या पुठ्ठ्याची नळकांडी, आतून लाल व बाहेरून सोनेरी अशी प्रचंड गळपट्टी, डोक्यावर उंच पट्टेदार टोपी. या वेषात बालला चालता येत नव्हते, म्हणून अंधारात त्याला उचलून रंगमंचावर ठेवावे लागले. तीन बाजूंना कागद ठेवण्याच्या घोड्या होत्या. आरंभ गंभीर झाला. पण पुढे हा गांभीर्याचा ताण कसा सांभाळावा, हे त्याला उमगेना. तेव्हा त्याचा आवाज आपोआप कॅथलिक प्रार्थनेच्या प्राचीन सुरावटीकडे वळला. शेवटी दिवे मालवले गेले आणि घामाने निथळणाऱ्या बालला खाली उतरवण्यात आले.

या वर्णनात ‘उचलून ठेवणारे’ आणि ‘दिवे मालवणारे’ कोणीतरी आहेत. त्यांची नावे बालच्या वर्णनात येत नाहीत. तरीही त्यांच्यावाचून ती कविता घडली नसती. तसेच, अर्थाचा संपूर्ण त्याग करू पाहणाऱ्या कवीला ऐन क्षणी बालपणीच्या धार्मिक पठणाचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट छापील पाठातून कळत नाही. परंपरा आणि प्रयोग यांच्या संबंधाविषयी ती बरेच काही सांगून जाते.

६

हा उपक्रम जुलै १९१६च्या आरंभी बंद पडला. रोजच्या प्रयोगांनी येणारा थकवा माणसाला पंगू करतो, अशी नोंद बालने मार्चमध्येच केली होती. १४ जुलै रोजी शहरातील एका मोठ्या सभागृहात ‘दादा-सायंकाळ’ झाली. तेथे बालने वाचलेल्या जाहीरनाम्यात ‘दादा’ ही एक पंथसंज्ञा होऊ लागल्याबद्दलची अस्वस्थता जाणवते. त्यानंतर तो शहर सोडून गेला. १९१७च्या वसंतात तो परतला आणि त्झाराच्या जोडीने ‘गॅलरी दादा’ हे प्रदर्शनगृह त्याने सुमारे दोन महिने चालवले. तेथे रुडोल्फ फॉन लाबान यांच्या नृत्यशाळेशी संबंधित असलेल्या सोफी टॉयबर हिने बालच्या नादकाव्यावर नृत्य केले. टॉयबर झुरिकच्या कलाशिक्षणसंस्थेत वस्त्रकलेची अध्यापिका होती. त्या नोकरीमुळे अशा कार्यक्रमांतील सहभागावर तिला संकोच ठेवावा लागे. १४ एप्रिल १९१७ रोजी ओस्कार कोकोश्काचे एक नाटक यांकोच्या मुखवट्यांसह सादर झाले. त्यात बाल आणि हेनिंग्स दोघांनीही भूमिका केल्या.

त्यानंतर बाल चळवळीतून कायमचा बाहेर पडला. पुढील इतिहास त्झारा, ह्यूल्सेनबेक आणि नंतर आलेल्यांनी लिहिला. १९२०मध्ये ह्यूल्सेनबेकने आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी त्याने संपादिलेल्या संकलनात त्झाराची झुरिकविषयक घटनावली आली. दोघांचे परस्परांशी पटत नव्हते. पुढे १९६४मध्ये हान्स रिश्टर यांनी लिहिलेला इतिहास फार वाचला गेला. परंतु रिश्टर झुरिकला आले ते कॅबरे बंद पडल्यानंतर. बालची रोजनिशी त्याने स्वतः संस्कारित करून १९२७मध्ये, म्हणजे धर्मनिष्ठ कॅथलिक जीवनाकडे वळल्यानंतर, प्रसिद्ध केली. प्रयोगांचे ध्वनिमुद्रण नाही. यांकोने दालनाचे रंगवलेले प्रसिद्ध चित्रही हरवले असून ते छायाचित्रावरूनच ज्ञात आहे. सारांश, साधने अपुरी आहेत आणि जी आहेत ती हितसंबंधांनी रंगलेली आहेत. ज्याला चळवळीचा वारसा हवा होता त्याने लिहिले. ज्याला नको होता, तो मागे पडला.

७

यावर एक आक्षेप संभवतो. जागा देणारा, निमंत्रण देणारा, गाणारी, मुखवटे करणारा हे सर्व निमित्तमात्र असतात. साहित्याच्या अभ्यासकाने साहित्यकृतीकडे पाहावे. हा आक्षेप एका मर्यादेपर्यंत योग्य आहे. प्रत्येक संयोजकाला इतिहासात स्थान देऊ लागलो तर वाङ्मयेतिहास हा केवळ नामावळी होईल. म्हणून एक कसोटी सुचवावीशी वाटते : संबंधित व्यक्तीच्या निर्णयामुळे वा कौशल्यामुळे कृतीच्या रूपबंधात काही बदल झाला काय? खुल्या निमंत्रणातून युगपत् कवितेची बहुभाषिकता आली. हेनिंग्सच्या आवाजातून युद्धगीताचा उपरोध आला. यांकोच्या मुखवट्यांतून हालचालींची रचना आली. या तिघांचे स्थान म्हणूनच वाङ्मयीन आहे. एफ्राइमचे स्थान सीमारेषेवरचे आहे. ज्यांच्या बाबतीत असा बदल दाखवता येत नाही, त्यांचे कार्य महत्त्वाचे असले तरी ते सामाजिक इतिहासाचे क्षेत्र मानावे.

मराठीच्या अभ्यासकाला या कसोटीचा उपयोग दूरच्या देशापुरता नाही. १९६०मध्ये मुंबईत विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदींनी सुरू केलेली ‘रंगायन’, १९७१मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी स्थापन केलेली ‘आविष्कार’, आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात चाललेले प्रायोगिक नाटकांचे प्रयोग, यांचा अभ्यास आपण बहुतांशी नाटककारांच्या नावांनी करतो. चिं. त्र्यं. खानोलकर यांच्यासारखा कवी ‘एक शून्य बाजीराव’ लिहितो आणि ‘रंगायन’ ते १९६६मध्ये रंगमंचावर आणते, तेव्हा कवितेची भाषा नटाच्या तोंडी कशी बसली, तालमीत तिचे काय झाले, हा प्रश्न संहितेपुरता राहत नाही. शाळेच्या सभागृहातील जवळिकीने संवादांची लांबी, नटाचा आवाज आणि नेपथ्याची काटकसर यांवर कोणते परिणाम घडवले, हेही तपासण्याजोगे आहे. दोन्ही ठिकाणांची परिस्थिती भिन्न होती. झुरिकमध्ये निर्वासितांचा तात्पुरता मेळा होता, तर मुंबईत सातत्याने चाललेल्या संस्था. साम्य आहे ते साधनांच्या नाजूकपणात.

अरविंद देशपांडे १९८७मध्ये, सुलभा देशपांडे २०१६मध्ये आणि अरुण काकडे २०१९मध्ये निवर्तले. या पिढीतील ज्यांनी तालमी घेतल्या, तिकिटे विकली, खुर्च्या मांडल्या, प्रकाशयोजना सांभाळली, त्यांपैकी काहीजण अद्याप आपल्यात आहेत. कार्यक्रमपत्रिका, तालमीच्या वह्या, दुरुस्त्या केलेल्या टंकलिखित संहिता, हिशेबाचे कागद ही सामग्री घरोघरी पडून आहे आणि ती जुन्या कागदांच्या रद्दीत जाण्यास फारसा वेळ लागत नाही. आपल्या शहरातील एखाद्या नाट्यसंस्थेच्या अशा कागदांची सूची करणे आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती नोंदवून ठेवणे, हे एम. ए.च्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून सहज पेलणारे काम आहे. महाविद्यालयीन अध्यापकांनी ते हाती घ्यावे. झुरिकच्या बाबतीत ही संधी निघून गेली आहे; आपल्याकडे ती अद्याप पूर्णपणे गेलेली नाही.